चित्राला बिजागरी हवी

डब्लिनच्या टॅला भागातलं ते घर मी पहिल्यांदा पाहायला गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या एकाही कपाटाला दार नव्हतं. अशा कपाटाला इथे प्रेस म्हणतात. इथे येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं, म्हणून तो शब्द मी मोठ्या तोऱ्यात वापरायची. तर प्रेसना दारं नाहीत. मीठ, मसाले, कपबशा, पास्त्याचं अर्धं पाकीट, सगळा संसार उघड्यावर. मी मनात म्हटलं, बये, सटक इथून. जी बाई स्वतःच्या कपाटांना दारं लावत नाही, ती तुझ्या खोलीला कडी काय लावणार!

बाई समोरच उभी होती. साठी ओलांडलेली, बुटकी, चांगली रुंद, डोक्याला पिवळं फडकं, पायात हॉस्पिटलातले पांढरे रबरी बूट. तिने माझा पगार विचारला नाही, व्हिसा विचारला नाही. माझ्या स्वयंपाकाचा वास येईल का, हेही विचारलं नाही, जे आधीच्या तीन घरमालकांनी अगदी गोड हसून विचारलं होतं. तिने विचारलं, मी दारं आपटते का. मी नाही म्हटलं, तर मला घराच्या पुढच्या दारापाशी नेऊन ते तीनदा उघडायला आणि लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी तिने डोळे मिटून ऐकलं आणि खोली माझी झाली.

कपाटांची दारं कुठे गेली ते मग कळलं. ती बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती आणि प्रत्येक दारावर एकेक बाई रंगवलेली होती.

ही बाई मूळची डॉमिनिकन रिपब्लिकची. माझ्या आईला फोनवर तो देश समजावताना मला घाम फुटला होता. वेस्ट इंडीजच्या बाजूचं बेट म्हटल्यावर आईने लगेच क्रिकेटची चौकशी केली. ते लोक स्पॅनिश बोलतात आणि बेसबॉल खेळतात, हे ऐकून ती जरा हिरमुसली. तिकडे बाईचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि ही त्यांच्या हाताखाली शिकली. तिशीत ती आयर्लंडला आली ती एका घरी मुलं सांभाळायला. कॅनव्हास घेण्याइतकी ऐपत नव्हती. एक दिवस त्या घराने स्वयंपाकघर नवं केलं आणि जुन्या प्रेसची दारं अंगणात कचऱ्यात पडली. तिने त्यातलं एक उचललं, रंगवलं, आणि तिथून पुढे कॅनव्हासकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कायमची नोकरी लागली, स्वतःचं घर झालं, तेव्हा पहिल्या आठवड्यात तिने आपल्याच प्रेसची दारं काढली.

ती म्हणायची, चित्राला बिजागरी हवी. भिंतीवर ठोकलेलं चित्र म्हणजे तुरुंगात टाकलेलं माणूस. दारावरचं चित्र येतं-जातं. हे ती इतक्या गंभीरपणे सांगायची की हसायची हिंमत व्हायची नाही. आता मी ॲडम्सटाउनला माझ्या स्वतःच्या घरात राहते. परवा ती आली होती, तर आल्या आल्या माझ्या प्रेसची एकसारखी पांढरी दारं एकेक उघडून पाहिली आणि हळहळून म्हणाली, बिचाऱ्यांमध्ये कुणीच राहत नाही.

तिच्याबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे शिक्षा होती. कुठल्याही घरापुढे जुनं सामान टाकायचा मोठा लोखंडी डबा दिसला की ती थांबणार, आत वाकणार, आणि पाय जमिनीवरून सुटेपर्यंत वाकणार. मग घरमालक बाहेर येणार. त्याला वाटायचं म्हातारीला काही लागलं, की ही आतून ओरडायची, "आय ॲम ग्रँड!", म्हणजे इथल्या भाषेत मी मजेत आहे, आणि एक दार घेऊन वर यायची.

एकदा तर तिने मला गाठून एका कपाटाचं पुरुषभर उंचीचं दार ट्राममधून आणायला लावलं. मी ऑफिसचे कपडे घातलेले, हातात लॅपटॉप, आणि गर्दीत आम्ही दोघी ते दार उभं धरून उभ्या. तिकीट तपासनीस आला. बाईने शांतपणे तीन तिकिटं पुढे केली, दोन मोठ्यांची आणि एक लहान मुलाचं. तिसरं कुणाचं, असं त्याने विचारलं तेव्हा तिने दाराकडे बोट दाखवलं. तो तपासनीस आयरिश होता, म्हणून निभावलं. त्याने दारावर टिचकी मारली, ते तिकीट नीट निरखून पाहिलं आणि दाराला प्रवासासाठी शुभेच्छा देऊन पुढे गेला. लाजेने मी मेले होते, पण पुढचे चार दिवस ऑफिसात हीच गोष्ट सांगत होते.

तिच्या चित्रांतल्या बायांना चेहरे नसतात. मान, केस, अंबाडा, खांदे, हात सगळं अगदी जिवंत, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता सपाट तपकिरी रंग. तिच्या देशात मातीच्या बाहुल्या अशाच बिनचेहऱ्याच्या घडवतात म्हणे. तिकडे इतक्या रक्तांची सरमिसळ आहे की एकच चेहरा कुठला काढणार? पण तिचं स्वतःचं कारण वेगळं होतं. इथे आल्यावर दरवर्षी राहण्याच्या परवान्याच्या रांगेत उभं राहायचं आणि दरवर्षी नवा फोटो द्यायचा. हसू नका, डोकं सरळ, केस मागे. ती म्हणायची, चेहरा सरकारला लागतो, मला लागत नाही. माझ्या बायांकडे मी कधी फोटो मागणार नाही.

आणि तरी माणसं ओळखू यायची. शेजारची आयरिश म्हातारी एकदा साखर मागायला आली, एका दारासमोर थबकली आणि म्हणाली, "ही तर मी." त्या चित्रातल्या बाईने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. म्हातारीने खाली पाहिलं, तर तिचीही पर्स तशीच. साखर न घेताच ती घरी गेली आणि नवऱ्याला घेऊन आली.

इतकं असूनही बाईला एक घोर लागलेला होता. शहरात दरवर्षी एक मोठं चित्रप्रदर्शन भरायचं. कुणीही अर्ज करावा, निवड समितीने चित्रं निवडावीत. बाईने अकरा वर्षं अर्ज केला आणि अकरा वर्षं नकाराचं पत्र आलं. ती पत्रं ती बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. ट्रामवाल्या दारावर तिने एक पाठमोरी बाई रंगवली तेव्हा ती अकराच्या अकरा पत्रं त्या दाराच्या मागच्या बाजूला ओळीने चिकटवून टाकली. पुढून चित्र, मागून उत्तर, असं म्हणून ती खो-खो हसली. पण एकदा भांडी घासता घासता माझ्याकडे न बघता बोलून गेली. हॉस्पिटलच्या कोटावर तिच्या छातीवर फक्त 'केटरिंग' लिहिलेलं असतं. तीस वर्षांत या देशात तिचं नाव कुणी कुठे लावलं नाही. चित्राशेजारी ती छोटीशी चिठ्ठी असते ना, चित्रकाराच्या नावाची, तेवढी एकदा बघायची आहे. मग नळ जोरात सोडून गाणं म्हणायला लागली.

बाराव्या वर्षी चमत्कार झाला. अर्जासोबतचे फोटो आवडले आहेत, समितीचा माणूस रविवारी सकाळी घरी येऊन चित्रं प्रत्यक्ष पाहील, असं कळवण्यात आलं. बाई आठवडाभर जमिनीवर नव्हती. आठ दारं बैठकीच्या खोलीत मांडली आणि शुक्रवारपर्यंत त्यांच्यावरून शेवटचा हात फिरवला. तेलरंग ओला होता. मला दम दिला की त्या खोलीत कुणीही पाय ठेवायचा नाही.

कुणीही म्हणजे माझी आई, कारण तेव्हा ती अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आलेली होती. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आईचं आणि बाईचं चांगलं जमलं होतं. एकमेकींची भाषा येत नसल्याने भांडणाचा प्रश्नच नव्हता. आई वऱ्हाडीत बोलायची, बाई स्पॅनिशमध्ये, आणि दोघी मिळून कांदे चिरायच्या.

शनिवारी दुपारी ॲडम्सटाउनला मैत्रिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मैत्रिणीने आईला मुद्दाम फोन केला होता, काकू, आम्ही ते जुनं काही मानत नाही, तुम्ही यायचंच. मीही अर्धा तास डोकं फोडलं. आई हलली नाही. "मी कायले येऊ? कुंकू लावाले पोरी उठतीन, माह्यापाशी येऊन थबकतीन. त्यायले अवघड अन् मलेही अवघड." त्या खोलीत जाऊ नको एवढं बजावून मी निघाले. का जाऊ नको ते सांगायचं राहिलं. माझी चूक, मान्य.

संध्याकाळी वाणाचा डबा मिरवत परत आले तर आई भलतीच खुशीत. बैठकीच्या खोलीचं दार सताड उघडं. मी आत डोकावले. सात दारांवरच्या सात बायांना हळदीकुंकू लावलेलं होतं. प्रत्येकीच्या पुढ्यात जमिनीवर एक तिळाचा लाडू आणि वाण म्हणून बाईच्याच ड्रॉवरमधला एकेक स्टीलचा चमचा. पाठमोऱ्या बाईला लाडू-चमचा मिळाला होता, कुंकू नव्हतं.

देवपूजेचा करंडा आई बरोबर घेऊन आली होती, त्यातलंच ते. मी टिश्यूने एक टिकली टिपून पाहिली. कुंकू ओल्या रंगात मुरलं होतं, जागचं हलेना. मी आईवर ओरडले. इतकी ओरडले की आजही आठवलं की मान खाली जाते. आई गोंधळून म्हणाली, "अवं, घरात इतक्या बाया उभ्या. संक्रांतीचे दिवस. मी एकटी चहा पेत बसू काय त्यायच्यासमोर? अन् या काही थबकत नाई, बापा."

तेवढ्यात पुढचं दार अगदी हळू लागलं. बाई ड्यूटीवरून आली होती.

ती खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. मी एका दमात सगळं सांगितलं. आमच्याकडे घरी आलेल्या बाईला कुंकू न लावता पाठवत नाहीत, आईला माहीत नव्हतं, ती हे देवाघरचं काम समजून करते, मी रात्रभर बसून पुसून देते. बाईने हात वर करून मला गप्प केलं. मग ती एकेका दारापाशी गेली आणि बोटाने काहीतरी मोजल्यासारखं करू लागली. कांदा चिरायला वाकलेली बाई होती, तिची टिकली खाली उतरली होती. ट्राममध्ये डुलकी लागून मान कललेल्या बाईची टिकलीही कललेली. पर्सवाल्या म्हातारीची अगदी ताठ, मधोमध.

"हिला कपाळं कुठे दिसली?" बाईने मला विचारलं.

मी आईला विचारलं. आईला प्रश्नच कळला नाही. कपाळ कपाळाच्या जागी असतं, आणखी कुठे असणार?

"त्यांचे चेहरे फक्त माझ्या डोक्यात आहेत," बाई म्हणाली. "कुणाची मान किती खाली आहे, कोण कुठे बघते आहे, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हिने एकही चुकवलं नाही." मग पाठमोरीकडे वळून म्हणाली, "आणि हिला का नाही?"

आई म्हणाली, "ते पाठमोरी हाय. वळन तवा लावीन."

हे मी इंग्रजीत सांगितल्यावर बाई मटकन खाली बसली, समोरचा एक लाडू उचलला आणि तोंडात टाकला. मग आईच्या कपाळाकडे बोट दाखवून हिला का नाही, असं विचारलं. बाबांचं मी सांगितलं. ती बराच वेळ लाडू चावत राहिली.

रविवारी समितीचा माणूस आला. सायकलचं हेल्मेट काखेत, अंगात तलम स्वेटर, बोलणं मऊ. बाई त्याला नंतर कायम 'युअर मॅन' म्हणायची, म्हणजे इथल्या रीतीने 'तो तुमचा गडी'. त्याने सगळी दारं पाहिली, लव्हली लव्हली म्हणाला आणि टिकल्यांपाशी अडखळला. फोटोंत तर या नव्हत्या. अर्जात कॅरिबियन बाहुल्यांबद्दल लिहिलंय, आणि हे तर भारतीय दिसतंय, बघणारे गोंधळतील. सोमवारपर्यंत या टिकल्यांवर रंग मारता येईल का?

दहा मिनिटांचं काम होतं. बाई म्हणाली, "नाही." का, ते सांगितलं नाही, त्याला चहा मात्र दिला. आम्ही कळवू, असं म्हणून युअर मॅन सायकलवर बसला.

मी बाईवर चिडले. बारा वर्षं थांबलीस आणि दहा मिनिटांसाठी हट्ट करतेस? तिने खांदे उडवले. आईला आमचे शब्द कळत नव्हते, पण चेहरे कळत होते. तिने मला खोदून खोदून विचारलं आणि मीही रागाच्या भरात सांगून टाकलं. तुझ्या कुंकवापायी हिचं प्रदर्शन गेलं.

आई उठली. आत गेली आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं घेऊन आली. थेट कांदा चिरणारीपुढे जाऊन तिने फडकं उचललं. बाईने झपकन जाऊन तिचं मनगट धरलं. दोघी तशाच उभ्या. आई हात सोडवायला बघते आहे, रडते आहे, आणि बाई सोडत नाही. मग बाईने दुसऱ्या हाताने फळीवर राहिलेला करंडा ओढला, कुंकवात बोट बुडवलं आणि आईच्या कपाळाला लावलं.

"तिला सांग," बाई मला म्हणाली, "आधी तुझं पूस. मग त्यांचं."

ते वाक्य मराठीत करणं मला जड गेलं. तरी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आईचं कुंकू पुसलं तेव्हा ते कुणी पुसलं, किती जणी तिथे होत्या, सगळं मी पाहिलेलं होतं. आईच्या हातातून फडकं गळून पडलं. ती तिथल्याच स्टुलावर बसून पोटभर रडली आणि बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिली. रडून झाल्यावर आईने किटलीच्या चकचकीत पोटात स्वतःला पाहिलं, नाक पुसलं आणि म्हणाली, "एवढी चितारीण, अन् वाकडं लावलं."

हेही मी सांगितलं. बाई हसून हसून आडवी झाली. दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर आईचं कपाळ पुन्हा मोकळंच होतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बाईने ते मला फोडायला लावलं. समितीने एक चित्र निवडलं होतं. कुठलं, तर आठांतली एकटी पाठमोरी, जिच्या कपाळाचा काही प्रश्नच नव्हता. मला समितीचा भयंकर राग आला. बाई मात्र पत्र हातात घेऊन घरभर नाचली. मग गंभीर होऊन बसली आणि समितीला उत्तर लिहिलं की दार द्यायला तयार आहे, पण ते चौकटीत, बिजागऱ्यांवर बसवलं तरच. कसे कोण जाणे, ते तयार झाले. त्यानंतर ती रोज ड्यूटीवरून आली की त्या दारासकट खोलीत शिरायची. आता आम्हा दोघींनाही आत मज्जाव होता, आणि या वेळी मी आईला कारणासकट बजावलं.

मार्चमध्ये प्रदर्शन उघडलं. आईचं परतीचं विमान त्याच आठवड्यात होतं. मोठं पांढरं दालन, हातात ग्लास घेतलेले लोक, आणि मधोमध चौकटीत उभं असलेलं आमचं ट्रामवालं दार. बाई ड्यूटी संपवून थेट आली होती, हॉस्पिटलच्या कोटातच, छातीवर 'केटरिंग'. सगळे तिच्या चित्राकडे बघत होते आणि ती चित्राकडे न बघता चौकटीवरच्या चिठ्ठीसमोर उभी होती. वाचायची, दोन पावलं मागे जायची, पुन्हा पुढे येऊन वाचायची. मी फोटो काढायला गेले तर म्हणाली, माझा नको, चिठ्ठीचा काढ. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

मग तिने आईला हाताला धरून दारापुढे आणलं आणि मला म्हणाली, उघड म्हणावं.

आईने दार उघडलं, हळू, आवाज न करता. आतल्या बाजूला तीच बाई होती, समोरून. अकरा पत्रांवरच रंगवलेली. तिच्या झग्यातून 'कळवण्यास खेद होतो'च्या ओळी पुसट दिसत होत्या. चेहरा नव्हता. कपाळ मोकळं होतं, आणि तेवढ्याच जागेतला रंग ओला चमकत होता. बाईने तो त्या दिवशी सकाळी लावून ठेवला होता.

"वळली," बाई म्हणाली. एवढा एक मराठी शब्द ती माझ्याकडून आठवडाभर घोकून घेत होती. कशाला, ते मला तेव्हा कळलं.

युअर मॅन ग्लास धरून जवळच उभा होता. त्याच्या देखत आईने पर्समधून करंडा काढला, त्या बाईला निरखून पाहिलं आणि बरोबर कपाळावर हळद लावली, मग कुंकू. बोट रुमालाला पुसलं. करंडा मिटायला घेतला, थांबली, आणि तो उघडाच बाईपुढे धरून आपलं कपाळ पुढे केलं.

"या खेपेला सरळ लाव म्हणा तिले."